चार लाख शहाऐंशी हजार पॉइंटांची व्यवस्था

मी, ज्याला सासरची मंडळी, कार्यालयातील सहकारी आणि अलीकडे स्वतःची मुलगीही ‘पॉइंटराव’ म्हणते, वय सत्तावन्न वर्षे पूर्ण, वाणिज्य शाखेचा पदवीधर, पाण्याचे पंप बनवणाऱ्या कारखान्यात खरेदी विभागाचा प्रमुख, हे मृत्युपत्र स्वतःच्या हस्ताक्षरात लिहून ठेवत आहे. माझ्या पश्चात काय, कोणास आणि कोणत्या अटीवर मिळावे हे निःसंदिग्धपणे नमूद करणे एवढाच याचा हेतू आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. पत्नीने “एकदाचं लिहून टाका” असे तीन वेळा सांगितले. त्यास मी दबाव समजत नाही, स्मरणपत्र समजतो.

माझी बुद्धी शाबूत आहे. प्रकृतीबाबत सांगायचे तर, दोन महिन्यांपूर्वी हृदयाच्या एका रक्तवाहिनीत स्टेंट बसवण्यात आला. टेबलावर आडवा असताना मी शल्यविशारदांना, या रुग्णालयाची काही सदस्य योजना आहे का, असे विचारले होते. “आहे, पण तिचा फायदा दुसऱ्यांदा आल्यावर मिळतो,” असे ते म्हणाले. मी तो विषय तेथेच सोडला. इतकी वर्षे समोर आलेली एकही योजना मी न तपासता सोडलेली नव्हती. तेव्हा मृत्युपत्राचा विचार माझ्या मनात प्रथम आला.

कलम १. तिसऱ्या मजल्यावरील राहते घर, त्यातील सर्व सामानासह, मी माझ्या पत्नीस पूर्ण मालकी हक्काने देत आहे. न्हाणीघरातील कपाटात ठेवलेल्या, निरनिराळ्या हॉटेलांतून आणलेल्या शाम्पूच्या एकशे बारा छोट्या बाटल्या ह्या सामानात धराव्यात किंवा कसे, याबाबत आमच्यात मतभेद आहे. पत्नी त्यांस कचरा म्हणते. माझ्या हयातीत त्यांस हात लावू नये. नंतर तिची मर्जी.

कलम २. बँकेतील मुदत ठेवी व भविष्यनिर्वाह निधी यांपैकी दोन तृतीयांश पत्नीस व एक तृतीयांश मुलीस मिळावा. यावर अधिक भाष्य करण्याचे कारण नाही. पैसा हा साधा विषय आहे. एकतीस डिसेंबर उलटला म्हणून तो नाहीसा होत नाही.

कलम ३. माझी स्टीलची पेटी, तीतील एक्केचाळीस सदस्य कार्डे, मुदतींची वही व कार्ड कापण्याची कात्री हे सर्व मी मुलीस देत आहे. कार्डे माझ्या नावची असल्याने ती तिला वापरता येणार नाहीत. खरी किंमत वहीची आहे. वहीच्या पहिल्या पानावर मी काही गोष्टी लिहून ठेवल्या आहेत, पण तिचे वाचन घाईचे असते, म्हणून त्या येथे पुन्हा देत आहे.

पॉइंट मिळतात म्हणून वस्तू घेऊ नये. वस्तू घ्यायचीच असेल तर पॉइंट घ्यावेत. हा फरक ज्याला कळला त्याने निम्मी योजना जिंकली. एक्केचाळीस कार्डे बाळगणे हा मूर्खपणा आहे. तीन पुरेत, पण त्या तिन्हींच्या अटी शेवटच्या ओळीपर्यंत वाचाव्यात. कुटुंबाचे खाते एकत्र करता येत असेल तर पहिल्याच दिवशी करावे. पॉइंटाच्या बदल्यात घरगुती उपकरणे कधीही घेऊ नयेत (पाहा कलम ४). प्रत्येक व्यवहारापूर्वी एक भागाकार करावा: त्याच गोष्टीची रोख किंमत भागिले लागणारे पॉइंट. उत्तर नेहमीच्या दराहून कमी आले तर थांबावे. हे शेवटचे वाक्य मी, कलम ४ मधील अपवाद वगळता, एकतीस वर्षे पाळले. ते सरसकट पाळू नये, असे मी आता या मृत्युपत्राद्वारे जाहीर करत आहे. त्याचे कारण कलम ६ मध्ये येईल.

कलम ४. पाव भाजण्याचे यंत्र, एक नग, माझ्या मेहुण्यास, म्हणजे पत्नीच्या धाकट्या भावास, मिळावे. एकवीस वर्षांपूर्वी माझ्या खात्यावर प्रथमच अकरा हजार पॉइंट जमा झाले असताना, “भावोजी, घेऊन टाका हो! फुकट आहे ते!” असे ओरडून त्याने मला हे यंत्र घ्यायला लावले. त्या पॉइंटांत मला दोन विमान तिकिटे मिळाली असती. यंत्र पावाची एकच बाजू भाजते. त्यानंतर याच मेहुण्यास मी पाहुणा म्हणून विमानतळावरील माझ्या विश्रामकक्षात नेले असता त्याने बिस्किटांची नऊ पाकिटे खिशात घातली, आणि माझी पाहुणा नेण्याची सवलत सहा महिने गोठवण्यात आली. खिडकीपाशी बसलेल्या बाईंनी मला विचारले, “हे आपले कोण?” मी “ओळख नाही” असे उत्तर दिले. ते खोटे होते, हे येथे कबूल करतो. यंत्र त्याने स्वतः येऊन न्यावे. पोहोचवण्याचा खर्च माझ्या मालमत्तेतून करू नये.

कलम ५. मुलीची क्षमा. कायद्यात अशा कलमास स्थान आहे किंवा नाही, मला ठाऊक नाही, तरीही लिहितो.

सात वर्षांपूर्वी एकोणतीस डिसेंबर रोजी दुपारी साडेबारा वाजता होणाऱ्या जावयाचे आईवडील आमच्या घरी प्रथमच जेवायला येणार होते. त्या दिवशी माझी विमानकंपनीतील सुवर्ण श्रेणी टिकण्यास दोन उड्डाणे कमी पडत होती आणि वर्ष संपायला तीन दिवस होते. मी पहाटे निघालो, एका शहरात उतरलो, त्या शहराचा एक रस्ताही न पाहता चाळीस मिनिटे विमानतळावरील खुर्चीत बसलो, आणि परतीच्या विमानात चढलो. अकराला पोहोचणारे हे विमान धुक्यामुळे तीनला पोहोचले. मी घरी आलो तेव्हा टेबलावर रिकामी ताटे होती आणि मुलगी ती उचलत होती.

“बाबा, कुठे होतात?”

“कामासाठी गेलो होतो.”

“कसलं काम?”

मी खिशातून तिकिटांचे दोन तुकडे काढून टेबलावर ठेवले. खोटे बोलण्याची सवय नसल्याने पुरावे जवळ बाळगण्याची सवय आहे. तिने दोन्हींवरील वेळा पाहिल्या, माझ्याकडे पाहिले, आणि म्हणाली, “मग झाली का तुमची सुवर्ण?”

“झाली.”

“अभिनंदन,” असे म्हणून ती ताटे घेऊन आत गेली.

सुवर्ण श्रेणीमुळे मला बॅगेला बांधायची एक लाल पट्टी आणि दहा किलो जादा सामानाची मुभा मिळाली. मी आयुष्यभर एका लहान बॅगेवर प्रवास केलेला आहे. लग्न यथासांग झाले. व्याह्यांनी पुढे हा किस्सा इतक्या लोकांना सांगितला आहे की आता तो त्यांचाच झाला आहे. पण मी मुलीची क्षमा कधी मागितली नाही. ती आज मागत आहे. तिने दिली तर या कलमासमोर सही करावी. नाही दिली तर जागा कोरी ठेवावी. सहीवाचूनही वरील कलम ३ अन्वये पेटी तिचीच राहील.

~~कलम ६. निळ्या शेपटीच्या विमानकंपनीतील माझ्या खात्यावर आजमितीस असलेले ४,८६,३०० (अक्षरी चार लाख शहाऐंशी हजार तीनशे) पॉइंट मी माझ्या पत्नीस देत आहे. माझ्या पश्चात तिने त्यांतून, पूर्ण आडव्या होणाऱ्या आसनाच्या उच्च श्रेणीतून, आपल्या थोरल्या बहिणीकडे जाऊन यावे.~~

वरील कलम रद्द समजावे. ते खोडून टाकण्याऐवजी त्यावर वाचता येईल अशी एकच आडवी रेघ मारलेली आहे आणि शेजारी आम्हा उभयतांच्या आद्याक्षरी सह्या आहेत. रेघ पत्नीने मसुद्यावरच मारली; बाकी मजकूर नव्याने लिहिला, ते पान मात्र तसेच येथे जोडले आहे. रद्द करण्याची कारणे सविस्तर नोंदवणे मला आवश्यक वाटते.

पत्नीची थोरली बहीण, जिला आम्ही सर्व ताई म्हणतो, समुद्रापलीकडे, दोन विमाने बदलून जावे लागेल अशा ठिकाणी राहते. नऊ वर्षांपूर्वी तिने आम्हा दोघांना बोलावले. तेव्हा उच्च श्रेणीच्या दोन जागांना तीन लाख वीस हजार पॉइंट लागत, आणि माझ्याकडे दोन लाख नव्वद हजार होते. मी म्हणालो, एक वर्ष थांबू. तीन लाख वीस हजार झाले तेव्हा कंपनीने दर चार लाखांवर नेला. चार लाख झाले तेव्हा पाच लाख वीस हजारांवर. दरम्यान साध्या श्रेणीतून जाणे सहज शक्य होते; पण त्यात दर पॉइंटामागे मिळणारे मूल्य निम्म्याहून कमी पडत होते, आणि मी ते मनाला लावून घेतले होते. अशी नऊ वर्षे गेली. पत्नी एका दंतवैद्यांच्या दवाखान्यात रुग्णांना तारखा देण्याचे काम करते. दुसऱ्यांच्या तारखा लिहिताना ती कधी चुकलेली नाही.

मसुद्यात हे कलम लिहिल्यावर, हस्तांतरणासाठी कोणता अर्ज जोडावा हे विचारण्यासाठी मी कंपनीच्या ग्राहक सेवेस फोन केला. झालेले संभाषण मी त्याच वेळी टिपून ठेवले आहे.

“नमस्कार सर, मी आपली काय मदत करू?”

“सदस्याच्या मृत्यूनंतर पॉइंट पत्नीच्या नावे करायचे आहेत.”

“फार वाईट वाटलं ऐकून. सदस्य आपले कोण होते?”

“मीच.”



“सर, आपण... बोलताय ना?”

“मृत्यू अजून झालेला नाही, बाई. मी तयारी करून ठेवत आहे.”

“अच्छा, अच्छा! असं होय! मी एकदम घाबरलेच.” मग तिने काहीतरी टंकून पाहिले. “सर, पण तसं करता येत नाही. सदस्याचं निधन झालं की खातं बंद होतं आणि पॉइंट रद्द होतात.”

मी तिला सांगितले की, अटींच्या बाविसाव्या परिच्छेदात पती किंवा पत्नीस हस्तांतरणाची तरतूद आहे. ती म्हणाली, “होती सर. सहा वर्षांपूर्वी काढली. सगळ्यांना ई-मेल गेलाय.”

मी तो ई-मेल शोधला. तो आला होता. त्याचा विषय ‘आपल्यासाठी एक आनंदाची बातमी!’ असा होता, आणि अशा विषयाचे ई-मेल मी उघडत नसे, कारण त्यांत बहुधा पाव भाजण्याची यंत्रे असतात. ज्या माणसाने एक्केचाळीस योजनांच्या अटी शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्या त्याने एकच पत्र वाचले नाही. ही चूक सर्वस्वी माझी आहे.

पत्नी त्या वेळी कपड्यांना इस्त्री करत होती. मी तिला वस्तुस्थिती सांगितली आणि मसुदा वाचायला दिला. तिने इस्त्री उभी ठेवली आणि कलम ६ दोनदा वाचले.

“म्हणजे तुम्ही गेल्यावर मी ताईकडे जायचं होतं?”

“तुला झोपून जाता आलं असतं. आसन पूर्ण आडवं होतं.”

“झोपायला मला घर आहे की, अहो. नऊ वर्षं काय मी झोपायला जागा शोधत होते?”

“एकटीसाठी पॉइंट पुरेसे होते, एवढंच मला म्हणायचं होतं.”

“आणि एकटी जाऊन मी ताईला काय सांगू? हे येणार होते, पण यांना पाच लाख वीस हजार झाले नाहीत?”

ती हसत होती, हे मी मुद्दाम नमूद करतो. मग ती थांबली आणि म्हणाली, “तिची नजर चाललीय.”

“कधीपासून?”

“दोन वर्षं झाली.”

“मला सांगितलं नाहीस?”

“सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, एप्रिलनंतर दर उतरतील.”

मला हे आठवत नाही. मात्र ते वाक्य माझेच आहे, याबद्दल शंका घेण्यास जागा नाही.

मग तिने तिथेच ताईंना फोन लावला आणि तो इस्त्रीच्या टेबलावर मोठ्या आवाजात ठेवला.

“काय हो पॉइंटराव, भरलं का एकदाचं भांडं?” हे ताईंचे पहिले वाक्य. मी त्यांच्या डोळ्यांविषयी विचारले. “अहो, अजून माणसं ओळखते मी. मधोमध एक डाग असतो, तो चुकवून बघायचं. डॉक्टर म्हणतात, उन्हाळ्यापर्यंत हे असंच राहील, पुढचं सांगता येत नाही. तुम्ही बघा सवडीनं. घाई करून नुकसान करून घेऊ नका.”

शेवटचे वाक्य त्यांनी थट्टेने म्हटले की मनापासून, हे मला कळले नाही. पत्नीने माझ्याकडे पाहिले आणि पेन पुढे केले. पण ते माझ्या हातात येण्याआधीच तिने कलम ६ वर रेघ मारली. “मंगळवारी निघू,” ती म्हणाली. “हवं तर रोख भरा. मला खुर्ची सरळ चालेल.”

रोख भरणे शक्य होते. परंतु ते पॉइंट तिच्या नऊ वर्षांतून साठलेले होते, आणि ते माझ्याबरोबर रद्द होणे मला मान्य नव्हते. मी पुन्हा ग्राहक सेवेस फोन केला. योगायोगाने त्याच बाई मिळाल्या.

“सर, तुम्ही ते... मृत्युपत्रवाले ना? आज कसे आहात?”

“जिवंत आहे. दोन जागा हव्या आहेत. साधी श्रेणी. मंगळवार. जाऊन येऊन.”

त्या बऱ्याच वेळाने परत आल्या. “आहेत सर, पण मी सांगू का खरं? ऐनवेळचा दर आहे. दोघांचे मिळून चार लाख चौऱ्याऐंशी हजार लागतायत. एवढ्यात तर... हे काही बरोबर मूल्य नाही हो, सर. तुम्ही सात महिने थांबलात तर—”

“बाई, हे भाषण मी एकतीस वर्षे स्वतःलाच देत आलो आहे आणि आपल्यापेक्षा बरे देतो. मंगळवार करा.”

“रद्द केलं तर परत मिळणार नाहीत.”

“अट मान्य.”

“जागा एक मधली आहे, एक कडेची.”

“मधली माझ्या नावे लिहा.”

मी भागाकार केला नाही असे नाही. उत्तर माझ्या आजवरच्या सर्वांत वाईट व्यवहाराहूनही, म्हणजे त्या यंत्राहूनही, वाईट आले. आकडा वहीत शेवटच्या पानावर लिहिलेला आहे. मुलीने तो पाहावा, कारण माझ्या मते संपूर्ण वहीत लाभाचा व्यवहार तेवढाच आहे. कोणत्या पद्धतीने हे सिद्ध होते ते मला मांडता येत नाही. वाणिज्य शाखेत ते शिकवले जात नाही.

कलम ७. खात्यावर आता २,३०० पॉइंट उरले आहेत. ते कोणासही दिलेले नाहीत. माझ्या पश्चात ते वाचवण्यासाठी मुलीने ग्राहक सेवेस फोन करू नये. ती करेल, हे मला माहीत आहे. रक्त माझेच आहे. तरीही करू नये.

कलम ८. आम्ही उभयता याच प्रवासात एकाच वेळी मरण पावल्यास कलम १ व २ मधील सर्व मालमत्ता मुलीस जावी, यंत्र सोडून. आमच्या इमारतीतील डॉक्टरांनी प्रवासाची परवानगी लेखी दिलेली आहे, सबब या कलमाचा वापर होण्याची शक्यता अल्प आहे. या मृत्युपत्राची अंमलबजावणी मुलीने करावी.

कलम ९. एक सूचना, जी मृत्युपत्रात बसत नाही हे मला मान्य आहे. पण आज जे जे महत्त्वाचे आहे ते मी याच कागदांवर लिहीत आहे. ताई स्वतः विमानतळावर येणार आहेत. बाहेर पडण्याच्या दारासमोर त्या उभ्या असतील. त्यांनी फोनवर बजावून सांगितले आहे की, आम्ही थेट समोरून चालत जाऊ नये. त्यांच्या डाव्या बाजूने, थोडे कडेकडेने जावे, म्हणजे आम्ही त्यांना दूरवरूनच दिसू. पत्नीने पुढे चालावे. सामान मी आणतो.

साक्षीदार. मृत्युपत्र करणाऱ्याने आमच्यासमोर, शुद्धीत असताना व स्वेच्छेने सही केली. आम्हा दोघांपैकी कोणासही यातून काही मिळत नाही. (क्रमांक दोनच्या साक्षीदारास एक छत्रीचे कूपन देण्याचे योजले होते, साक्षीदारास लाभ घेता येत नसल्याने ते रद्द करण्यात आले. त्यांनी नाराजी व्यक्त केली, पण सही केली.)

१. आमच्या इमारतीतील डॉक्टर, पहिला मजला. (सही)
शेरा, त्यांच्या हस्ताक्षरात: “बुद्धी ठणठणीत. बदल अलीकडचा असून सुधारणा समाधानकारक.”

२. कोपऱ्यावरील औषधांचे दुकानदार. (सही)

मृत्युपत्र करणार: (सही) पॉइंटराव
स्थळ: राहते घर, तिसरा मजला, जेवणाचे टेबल
दिनांक: १७ मार्च २०२५, सोमवार, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटे